बोट सुटली

जंगमने वाकून बोटीच्या तळाचं बूच पिळून घट्ट केलं, दोन्ही बाजूंचे पट्टे सोडले आणि जीपच्या ड्रायव्हरला मागे ये अशी हाताने खूण केली. जीप हळूहळू उलटी येऊ लागली. तिच्या मागे ट्रेलर आणि ट्रेलरवर केशरी रंगाची फायबरची बोट, रिकामी. आमचं सामान धक्क्यावर चादर अंथरून तिच्यावर मांडून ठेवलेलं होतं. मतदान यंत्रांच्या पेट्या, शाईच्या बाटल्या, पुठ्ठ्याचे आडोसे, पाण्याचे कॅन, माझी पिशवी.

एप्रिल महिना होता. बारा वाजायला आले होते आणि धक्क्यावर झाड नव्हतं.

आम्ही पाच जण जलाशयापलीकडच्या दाभेवाडीला चाललो होतो. दुसऱ्या दिवशी मतदान. वाडीत त्रेचाळीस मतदार, रस्ता नाही, म्हणून जिल्ह्याच्या आपत्ती विभागाची ही बोट मागवलेली. एरवी ती पुराच्या दिवसांतच बाहेर निघायची. मी केंद्राध्यक्ष होते. माझ्याबरोबर हायस्कूलचे कुंभार सर, आणखी दोन कर्मचारी आणि लोंढे नावाचा पोलीस शिपाई. बोट चालवणारा जंगम पन्नाशीचा, कमी बोलणारा गडी होता. येताना जीपमध्ये कुंभार सरांनी मला विचारलं होतं की, बाईमाणसाला असलं मुक्कामाचं केंद्र कसं दिलं, सहसा देत नाहीत. मी म्हणाले, यादीत नाव आलं, आले.

धक्क्याचा उतार सिमेंटचा होता, पण पाणी त्या वर्षी फार खाली गेलेलं. सिमेंट संपत होतं आणि पुढे पाण्यापर्यंत तीस-चाळीस फूट नुसता गाळ होता. वरून वाळून भेगाळलेला, पण काठी घातली की हातभर आत जात होती. जंगमने सकाळीच येऊन चाकांसाठी दगडांच्या दोन ओळी लावून ठेवल्या होत्या. सिमेंटवरून ट्रेलर नीट उतरला. दगडांवरही दहाएक फूट सरळ गेला. मग डावं चाक दगडावरून निसटलं आणि बघता बघता आसापर्यंत गाळात बसलं. बोट त्या बाजूला कलली. बोटीचा मागचा भाग पाण्याकडे होता आणि पाणी अजून पंधरा फुटांवर होतं.

ड्रायव्हरने जीप पुढे घेऊन पाहिली. चाकं जागच्या जागी फिरली आणि चिखल उडाला. जंगमने त्याला थांबवलं. ट्रेलर जीपपासून सोडवावा, चाकाखाली फळ्या घालाव्यात आणि सगळ्यांनी मिळून तो हाताने मागे ढकलावा, म्हणजे बोट पाण्यापर्यंत पोचेल, असं त्याचं म्हणणं. फळ्या आणायला लोंढे आणि ड्रायव्हर वरच्या चौकीकडे गेले. बोटीच्या नाकाला बांधलेला दोर जंगमने माझ्या हातात दिला.

"बाई, एवढा दोर धरून ऱ्हावा. बोट मधीच घसरली तर सोडू नका. ती आपली आपण जाती मग."

मी दोर दोन वेळा मनगटाला गुंडाळून उभी राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. त्या धक्क्यावर रेंज यायची-जायची, आणि पलीकडे तर मुळीच नव्हती. बघितलं तर छबूताईंचा होता. छबूताई दिवसा आमच्या घरी अण्णांपाशी बसायच्या. अण्णा म्हणजे माझे वडील. अडीच वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता आणि तेव्हापासून ते अंथरुणावरच होते. मी लग्न केलेलं नव्हतं, धाकटा भाऊ विश्वास पुण्याला होता, त्यामुळे घरात अण्णा आणि मी. दिवसा मी शाळेत शिकवत असायची तेव्हा छबूताई, बाकी सगळं मी.

छबूताई रडत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "अक्का, अण्णा गेले. मघाशी, पेज भरवत होते तेव्हा. डॉक्टर येऊन बघून गेले."

मी म्हणाले, "बरं."

"विश्वासदादांना फोन केलाय. ते निघालेत, साडेतीनपर्यंत पोचतील. तुम्ही कधी येताय?"

मी समोर बघत होते. बोट ट्रेलरवर कललेली होती. कुंभार सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडत होते. जंगम हाताने चाकापुढचा गाळ उपसत होता. मनगटाला दोर काचत होता.

"मी बोटीत आहे, छबूताई," मी म्हणाले. "बोट सुटली."

"अगं बाई."

"आता मागे फिरता यायचं नाही. पलीकडे फोन लागत नाही. विश्वासला म्हणावं, माझ्यासाठी थांबू नका."

त्या काहीतरी म्हणाल्या, पण आवाज तुटायला लागला होता. मी फोन कट केला आणि दोर तसाच मनगटाला ठेवून पिशवीपर्यंत जाऊन आत ठेवला. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्या धक्क्यापासून आमचं घर जीपने तीन तासांवर. मी तेव्हा निघाले असते तर साडेतीनला, फार तर चारला पोचले असते. विश्वासच्याच सुमाराला.

फळ्या आल्या. दोन चाकाखाली सरकवल्या, एक आसाखाली घालून लोंढे तिच्यावर उभा राहिला. ट्रेलर जीपपासून सोडवला. चौघांनी मिळून जोर लावला. चाक फळीवर चढलं, पुन्हा बाजूला घसरलं आणि फळी मोडली. जंगम शिवी देणार होता, माझ्याकडे बघून गप्प राहिला.

क्षेत्रीय अधिकारी पिसाळ साहेब तोवर आपली गाडी घेऊन आले. तरुण होते, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांनी सगळं पाहिलं आणि म्हणाले की, एकपर्यंत बोट पाण्यात गेली नाही तर वर कळवावं लागेल. मग ते माझ्याकडे आले. हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, पलीकडेही असाच गाळ असणार. गुडघाभर चिखलातून उतरायचंय, रात्रीचा मुक्काम आहे. राखीव पथकातले एक सर माझ्या गाडीतच बसलेत. तुम्हाला बदलू का? काहीच अडचण नाही, मी लिहून घेतो."

त्यांच्या गाडीची काच खाली होती. आत एक टक्कल पडलेले गृहस्थ पेपरने वारा घेत बसलेले दिसत होते.

"नको," मी म्हणाले. "मी जाते."

"नक्की?"

"नक्की."

ते बरं म्हणून सावलीला गाडीपाशी गेले.

दुसऱ्या खेपेला जंगमने ट्रेलर आधी पुढे घ्यायचं ठरवलं, म्हणजे रुतलेलं चाक मोकळं होईल. जीपला साखळी लावून तो तीनेक फूट पुढे ओढला. मग खड्ड्यात दगड भरले, वर उरलेल्या फळ्या घातल्या. जंगम म्हणाला, आता एक माणूस आणखी पाहिजे. ड्रायव्हरला जीपमध्ये बसणं भाग होतं. पिसाळ साहेब फोनवर बोलत होते.

मी दोर लोंढेच्या हातात दिला. तो आसाखालची फळी दाबून दमलेलाच होता. मी चपला काढल्या, साडी कमरेला खोचली आणि गाळात उतरले. वरचा थर तापलेला होता आणि आतलं गार. पोटऱ्या बुडाल्या. मी कुंभार सरांच्या शेजारी ट्रेलरच्या दांडीला हात लावला. ते म्हणाले, मॅडम तुम्ही कशाला.

जंगमने एक दोन तीन म्हटलं. आम्ही ढकललं.

मला त्या वेळचं काही वाटलेलं आठवत नाही. लोखंडी दांडी तापलेली होती, ती हाताला भाजत होती, ते आठवतं. कुंभार सरांच्या खिशातलं पेन गाळात पडलं, ते आठवतं. अण्णांचा चेहरा डोळ्यांपुढे आला नाही. मी एवढंच बघत होते की चाक फळीवरून जातंय की नाही. ते गेलं. मग पुढची फळी. मागची उचलून पुढे, पुन्हा ढकला. असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी ट्रेलरची चाकं पाण्यात गेली, आणि बोटीचा मागचा भाग एकदम हलका झाला.

"आता सोडा," जंगम म्हणाला. त्याने ट्रेलरवरची बोट ओढायची गरारी उलटी फिरवली, आकडा काढला आणि बोटीच्या नाकावर दोन्ही हात ठेवून रेटलं. बोट रोलरवरून घरंगळत गेली आणि पाण्यावर बसली. लोंढेने दोर ताणून धरला.

मी गाळातून वर आले, पाय धुतले, पिशवीतून फोन काढून बघितला. बारा पंचावन्न. फोन पुन्हा पिशवीत टाकला.

पेट्या चढवल्या, कॅन चढवले, माणसं चढली. जंगमने प्रत्येकाला वजन बघून जागा दिली. मला मध्ये बसवलं. इंजिन सुरू झालं आणि दहा मिनिटांत धक्क्यावरची माणसं मुंगीएवढी दिसायला लागली. कुंभार सर म्हणाले, सुटलो बुवा. मीही हो म्हणाले.

दाभेवाडीची शाळा एका टेकाडावर होती. एक खोली आणि ओसरी. गावच्या बायकांनी पिठलं-भाकरी दिली. आम्ही टेबलं लावली, कागद भरले, यंत्रं तपासली. साडेआठला पुरुष मंडळी ओसरीवर आडवी झाली. मला खोलीत सतरंजी घालून दिली होती. मी दाराला कडी लावली आणि झोपले.

पहाटे साडेचारला कुंभार सरांनी दार वाजवलं, तेव्हा जागी झाले. मधे एकदाही डोळा उघडला नव्हता. कूससुद्धा बदलली नव्हती, सतरंजीच्या विणीचे वळ गालावर उमटले होते.

मतदान सातला सुरू झालं. त्रेचाळीसपैकी तिसेक जण पहिल्या तीन तासांतच येऊन गेले. अकराच्या सुमाराला एक पन्नाशीचा माणूस आपल्या म्हाताऱ्या बापाला पाठुंगळी घेऊन टेकाड चढून आला. म्हाताऱ्याचा एक हात लुळा होता. त्याला बाकावर बसवलं. तो धापा टाकत नव्हता, मुलगाच टाकत होता. मी पाणी घेऊन गेले, आणि म्हाताऱ्याला पाणी देण्याऐवजी माझा हात सवयीने त्याच्या टाचेकडे गेला. मी टाच उचलून बघितली. मग धोतर जरासं सरकवून कमरेच्या खाली बघितलं. कातडी धड होती, कुठेही लाल नव्हती.

मुलगा माझ्याकडे बघत राहिला होता. मी त्याला विचारलं, रात्री किती वेळा कुशीवर वळवता? तो म्हणाला, मी दोनदा, बायको दोनदा, आणि थोरली सून पहाटे.

मी म्हणाले, चांगलं ठेवलंय. मग जाऊन माझ्या खुर्चीत बसले.

सहाला मतदान संपलं. यंत्रं सील केली, सह्या घेतल्या आणि पलीकडून निघालो. उजेड अजून होता. धक्क्यापाशी आलो तर ड्रायव्हरने ट्रेलर आधीच पाण्यात उतरवून ठेवलेला. या खेपेला त्याने गाळावर झावळ्या आणि खडी टाकून घेतली होती. आम्ही उतरलो, पेट्या वर गेल्या. जंगमने बोट बेताबेताने ट्रेलरच्या रोलरवर आणली, आकडा अडकवला आणि गरारी फिरवायला लागला. लोंढे आणि मी दोन बाजूंनी बोट सरळ धरून होतो.

माझी पिशवी धक्क्यावर होती आणि तिच्यातला फोन वाजायला लागला. थांबला, पुन्हा वाजला. कुंभार सरांनी तो काढून माझ्याकडे आणला. म्हणाले, मॅडम, विश्वास नावाचे सव्वीस फोन येऊन गेल्याचे मेसेज आलेत. सगळं ठीक आहे ना?

"वडील वारले," मी म्हणाले. "काल दुपारी."

कुंभार सर तसेच उभे राहिले. त्यांनी विचारलं की, मला आत्ता कळलं का. मी उत्तर दिलं नाही, आणि त्यांनी ते हो असंच धरलं. ते गडबडून पिसाळ साहेबांना शोधायला वर गेले. लोंढे त्यांच्या मागे गेला.

जंगमचा हात गरारीच्या दांड्यावर थांबला होता.

"काल तुमी दोर धरून हुता, तवा फोन आल्ता," तो म्हणाला.

"हो."

"तवा बोट ट्रॉलीवर हुती, बाई."

"हो."

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नवलानेही नाही. मग तो पुन्हा गरारी फिरवायला लागला. बोट इंचाइंचाने वर आली. नाक पुढच्या रबराला टेकल्यावर त्याने पट्टे आवळले, तळाचं बूच काढलं आणि आत साठलेलं पाणी वाहून जाईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो. त्याबद्दल तो नंतरही कुणाशी बोलला नसावा.

पिसाळ साहेबांनी मला थेट घरी सोडायची तयारी दाखवली. मी म्हणाले, यंत्रं जमा करायला केंद्राध्यक्षाची सही लागते. मी जमा करूनच गेले.

घरी पोचले ती दुसऱ्या दिवशी सकाळी सातला. अण्णांची खोली धुऊन काढलेली होती. गादी काढून टाकली होती, नुसती लोखंडी कॉट भिंतीला लावलेली. विश्वास टाळूवरचे केस काढून बसला होता. मला बघून उठला आणि रडला. आमच्यात असं गळ्यात पडून रडायची पद्धत नाही, पण तो रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तो म्हणाला, "छबूताई म्हणाल्या, तुझी बोट सुटली होती. म्हणून थांबलो नाही. साडेपाचला नेलं."

"बरं केलंस," मी म्हणाले.

"तुझा तरी काय इलाज होता, अक्का."

मी आंघोळीला गेले.

त्याने मला नंतर विचारलं की, बाईमाणसाला असलं केंद्र देणाऱ्या माणसाचं नाव काय, तो तक्रार करणार होता. मी म्हणाले, जाऊ दे. कारण ते केंद्र मला कुणी दिलं नव्हतं. मीच मागून घेतलं होतं. महिनाभर आधी मी लेखी दिलं होतं की, दूरचं, मुक्कामाचं केंद्र असेल तरी माझी हरकत नाही. अर्ज घेणाऱ्या कारकुनाने दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. अंगाला जखमा पडू नयेत म्हणून अडीच वर्षं दर दोन तासांनी अण्णांना कूस बदलून द्यावी लागत होती. बाराला, दोनला, चारला. गजर लावावा लागायचा नाही, माझी मीच उठायची. त्या अडीच वर्षांत सलग झोप म्हणून मिळाली नव्हती, आणि मी ती कुणाकडे मागितलीही नव्हती. विश्वासला सांगितलं असतं तर तो आला असता, असं आता वाटतं. तेव्हा मी फक्त एक रात्र हिशेबात धरली होती. महिनाभर तिची वाट बघितली होती. छबूताईंना रात्रीचं राहायला सांगून निघाले होते.

धक्क्यावर फोन आला तेव्हा अण्णा गेले आहेत, म्हणजे आता रोजच्या रोज रात्रभर झोपता येणार आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एवढंच आलं की ती रात्र हातची जाते आहे.

याला आता नऊ वर्षं झाली. मी निवृत्त झाले. अण्णांच्या तिथीला विश्वास आणि त्याची बायको अंजू दरवर्षी येतात, चार नातेवाईक जेवायला असतात. आणि जेवताना विश्वास तो प्रसंग सांगतो. अक्काची बोट कशी निघून गेली होती, फोन कसा आला, तिने कर्तव्य कसं पार पाडलं. पहिल्या वर्षी बोट नुकतीच सुटलेली होती. मग ती मध्यावर गेली. गेल्या वर्षी तर त्याच्या सांगण्यात दोन्ही काठ दिसत नव्हते आणि वारा सुटला होता. पाहुणे माझ्याकडे आदराने बघायचे आणि मी भात वाढत राहायची.

या वर्षी पाहुणे गेल्यावर अंजू आत भांडी आवरत होती. विश्वास आणि मी पानावरून उठलो नव्हतो. त्याचा ताकाचा पेला अर्धा होता.

मी म्हणाले, "विश्वास, तेव्हा बोट सुटली नव्हती."

"कधी?"

"छबूताईंचा फोन आला तेव्हा. बोट ट्रेलरवरच होती. ट्रेलर गाळात रुतला होता."

त्याने पेला खाली ठेवला. तो माझ्याकडे न बघता पानातल्या लिंबाच्या फोडीकडे बघत होता. आत अंजूने नळ बंद केला.

"म्हणजे यायला जमलं असतं?"

"चारपर्यंत."

"आम्ही साडेपाचला नेलं."

"माहीत आहे."

"मग सुटली कधी?"

"पाऊण तासाने."

मग त्याने मान वर करून मला विचारलं, लहानपणी विचारायचा तसं, खरंच कळत नसल्यासारखं, "पाऊण तास तू तिथे काय करत होतीस, अक्का?"

"बोट ढकलत होते," मी म्हणाले.